एका वृंदावनाचा पावसाळा : खानापूरच्या मातीचा प्रकरण अभ्यास

बेळगावातल्या वडगावच्या बाईंना सिमेंटचं वृंदावन नको होतं. "उन्हाळ्यात तापतं गं ते, तुळस होरपळते," एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. खरं कारण दुसऱ्या भेटीत कळलं. त्यांच्या अंगणात सासूबाईंच्या काळापासून एक मातीचं वृंदावन होतं, खानापूर भागातल्या कुणा कुंभाराकडून आणलेलं. अंगणात फरशी घालताना पहारीचा धक्का लागला आणि ते गेलं. गवंड्यानं तुकडे भरावात टाकले. बाईंनी त्यातला एकच वाचवला, कोनाड्याच्या कमानीचा, तळहाताएवढा. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "असं कर."

मी तो तुकडा खिडकीत ठेवला. कमानीची गोलाई वहीत उतरवून घेतली आणि त्यानंतर दोन महिने त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. या प्रकरणातली सगळी उत्तरं त्या तुकड्यात होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल फार बरं मत व्हायला नको.

बेळगावातच अनगोळला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मातीकाम करते. चाकावरचं थोडं, हातानं घडवलेलं जास्त. वृंदावन चौकोनी, त्यामुळे चाकाचा प्रश्न नव्हता. मागणी ज्येष्ठात आली. तुळशीचं लग्न कार्तिकात. "घाई काही नाही, पण लग्नाला हवं," बाई म्हणाल्या. म्हणजे घाई होती, आणि मधला सगळा काळ पावसाचा होता. दोन वृंदावनं मोडली, तिसरं उभं राहिलं. प्रत्येक वेळी वहीत नोंदी करत गेले होते, हे त्या वहीवरून लिहिते आहे.

माती

बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडीनं ओलांडला तर दोन-तीन तासांत पायाखालची माती बदलते. खानापूर-जांबोटीकडे जांभा, तांबडी माती, भाताची खाचरं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिथला पाऊस तर बेळगावकरांनाही पाऊस वाटतो. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळं रान. तांबड्या बाजूची माती भाजकामाला चांगली. खानापूरच्या आसपास कौलांचे कारखाने त्यामुळेच उभे राहिले, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकला शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. बेळगावातून पिरनवाडी, मच्छे करत निघालं की २५-२६ किलोमीटर.

माझी माती तिथल्या एका कुंभाराच्या घरातून येते. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांच्या बायकोला काकी. तात्या चाकावर बसतात. काकी चाकाला हात लावत नाहीत. बाईमाणसानं चाक फिरवायचं नाही ही कुंभारवाड्यातली जुनी रीत. त्यामुळे झालंय असं, की जे जे चाकाशिवाय होतं ते सगळं पिढ्यानपिढ्या बायकांच्या हातात राहिलं : चुली, शेगड्या, ज्येष्ठातल्या अमावास्येला पूजेसाठी लागणारे मातीचे बैल. कानडीत त्या अमावास्येचं नावच मातीच्या बैलांवरून पडलेलं आहे, मण्णेत्तिन अमावास्या. मी चार वर्षं त्या घरी जात होते आणि मातीबद्दलचे प्रश्न मात्र तात्यांनाच विचारत होते.

माती येते ती ढेकळांची. मी ती पूर्ण वाळवते, मग पाण्यात टाकते. अर्धवट ओली ढेकळं पाण्यात नीट विरघळत नाहीत, खणखणीत वाळलेली मात्र बघता बघता बसतात. चाळणीतून गाळते, खडे आणि मुळ्या काढते. चुनखडीचा खडा शोधून काढावाच लागतो. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका उडतो, कधी कधी पंधरा दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी. गाळलेला चिखल कापडावर आटवून गोळे करते आणि झाकून मुरवत ठेवते. वापरण्याआधी मळणी. मळताना गोळ्याला मेंढ्याच्या डोक्याचा आकार येतो. येत नसेल तर मनगटं चुकताहेत.

यावेळी मी मातीत एक शहाणपणा केला. नुसती तांबडी माती लाटल्यावर कडेला फाटत होती. चिकटपणा कमी होता. एका नातेवाइकाच्या बैलहोंगलकडच्या रानातली काळी माती शेडमध्ये पडून होती. ती चार भागांत एक भाग मिसळली. माती लोण्यासारखी झाली. वहीत त्या दिवशी लिहिलंय : "काय सुंदर लाटली जाते!"

पहिलं

तयार वृंदावन ७० सेंटीमीटर उंच हवं होतं. आकस, म्हणजे वाळताना आणि भाजताना माती जेवढी आकसते ते, १० टक्के धरला, म्हणजे ७० भागिले ०.९, ओलं वृंदावन ७८ सेंटीमीटर. आकस मोजायची साधी रीत आहे : त्याच मातीची पट्टी करायची, तिच्यावर १० सेंटीमीटरची खूण करायची आणि वाळल्यावर, भाजल्यावर मोजायचं. मी पट्टी केली नाही. दहा टक्के हा आकडा जुन्या मातीचा होता.

हातानं घडवायच्या तीन मुख्य रीती. चिमटीनं गोळा पोखरत जाणं, वळ्या एकावर एक लावत जाणं, आणि लादी लाटून जोडणं. चौकोनी वस्तूला लादी सोयीची. दोन बाजूंना १८ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून पाइप फिरवायचा, म्हणजे जाडी सारखी येते. लादी उलटून दुसरीकडूनही दाबायची. उचलताना वाकू द्यायची नाही. एकदा वाकवून सरळ केलेली लादी सरळ दिसते, पण भट्टीत पुन्हा वाकते. माती विसरत नाही, हे आमच्या कामातलं सगळ्यात खरं वाक्य आहे.

लाद्या चपलेच्या चामड्याइतक्या घट्ट झाल्या की जोडायच्या. कडा ४५ अंशांत कापायच्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना काट्यानं ओरखडे, त्यावर त्याच मातीची रबडी, दाबून बसवायचं, आणि आतल्या कोपऱ्यात बारीक वळी भरून बोटानं चोळून एकजीव करायची. कोनाडे या अवस्थेतच कापायचे. कापलेल्या प्रत्येक कोपऱ्याला गोलाई द्यायची, कारण भेग टोकदार कोपऱ्यातून निघते.

हे सगळं मी केलं. फक्त दोन दिवसांत केलं. खालचा चौथरा पहिल्या दिवशी, खांब आणि वरची कुंडी दुसऱ्या दिवशी, सलग एकाच अंगाचं, पन्नासेक किलोचं. एकसंध करण्यात माझा तोरा होता हे मान्य करते. वृंदावनाचा आकारच मुळात टप्प्याटप्प्यांचा असतो, जोड लपवायला तो जणू मुद्दाम केलाय. मी तो मान दिला नाही.

आषाढातला पाऊस, शेडमध्ये दमट, म्हणून पंखा लावला. सहाव्या दिवशी सकाळी चौथऱ्याच्या मधोमध उभी भेग होती, करंगळीचं नख जाईल एवढी. चौथरा आणि खांबाच्या जोडावर आडवी भेग. पंख्याकडची भिंत आत ओढली गेलेली.

मग पट्टी केली, उशिरा. वाळून १० चे ९.१ झाले. भट्टीत जाण्याआधीच नऊ टक्के आकस. काळ्या मातीतली मुख्य खनिजं पाणी नुसतं कणांच्या मध्ये ठेवत नाहीत, आपल्या थरांच्या आत ओढून घेतात आणि फुगतात; पाणी गेलं की तेवढीच आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या याच कारणानं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला हे माहीत असतं. माझ्याही घरात शेती होती.

नऊ टक्के म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या चौथऱ्याला चार सेंटीमीटर आत सरकायचं होतं. मी तो प्लायवूडवर थेट ठेवलेला. तळ फळीला धरून बसला, भिंती आकसायला लागल्या, कुठंतरी फाटणं भाग होतं. मधली भेग त्याची. आडवी भेग वेगळ्या कारणाची : पहिल्या दिवसाचा चौथरा दुसऱ्या दिवशी बराच आटलेला, त्याच्यावर मी मऊ खांब बसवला. दोघांना आकसायचं होतं वेगवेगळं. आणि वाकलेली भिंत पंख्याची. वाळणं म्हणजे वारा असं मी धरून चालले होते. एका बाजूनं लवकर वाळलेलं भांडं न वाळलेल्यापेक्षा वाईट.

कच्ची भेग रबडीनं भरता येते, असं बरेच जण सांगतात. भरता येते, दिसत नाही, आणि भाजल्यावर त्याच जागी उघडते. मी मोडलं.

दुसरं

काळी माती बंद. तिच्याऐवजी खापराचा चुरा, म्हणजे फुटक्या भाजलेल्या भांड्यांचा, रव्याएवढा दळलेला, पाच भागांत एक भाग. भाजलेलं खापर पुन्हा आकसत नाही, त्यामुळे एकूण आकस उतरतो. पट्टी आधी केली : १० चे ९.५. लाटताना कडा फाटायच्या त्यावर उपाय साधा निघाला, माती तीन आठवडे जास्त मुरवायची आणि सावकाश लाटायची.

तळाखाली वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यावर कोरडी वाळू पसरली, म्हणजे चौथरा आकसताना सरकेल. सगळ्या लाद्या एकाच दिवशी लाटून, एकाच ओलीत झाकून ठेवल्या आणि मगच जोडल्या. पंखा बंद. प्लास्टिकखाली चार दिवस, मग रोज थोडं थोडं उघडं. वरच्या कडा आणि कोनाड्यांच्या कमानी लवकर वाळतात म्हणून त्यांवर ओलसर फडकं. चौदा दिवसांत वृंदावन फिकट, सारख्या रंगाचं झालं. एकही भेग नाही. बाईंना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात हात जोडलेली खूण पाठवली.

पण होतं पुन्हा एकसंधच. माझ्या विजेच्या भट्टीची आतली उंची ६५ सेंटीमीटर, त्यात ते बसणार नव्हतं. एका ओळखीच्या कारखान्यातली गॅसची मोठी भट्टी एका रात्रीसाठी मागून घेतली. श्रावणातली झड लागलेली, टेम्पोला ताडपत्री, मी मागे वृंदावनाला धरून. संध्याकाळी सात वाजता बर्नर पेटवले. सकाळी त्यांना भट्टी परत हवी होती.

साडेआठच्या सुमाराला आतून आवाज आला. फटाका ओल्या पोत्याखाली उडावा तसा. मग आणखी एक.

भट्टी बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली. चारपैकी दोन पाय उडाले होते आणि त्यांनी चौथऱ्याची एक भिंत घेतली होती. पाय मी भरीव केले होते, पाच सेंटीमीटर जाड, दिसायला भक्कम.

कारखान्यातला एक मुलगा म्हणाला, "ताई, हवा राहिली असणार आत." हे सगळीकडे ऐकू येतं. मळणीत राहिलेला हवेचा बुडबुडा फुटतो म्हणे. नुसत्या हवेनं इतकं होत नाही. ती तापली की थोडी फुगते आणि कच्च्या मातीच्या असंख्य छिद्रांतून निघूनही जाते. फोडतं ते पाणी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. अठरा मिलिमीटरच्या भिंतीतून ती वाट काढते, पाच सेंटीमीटरच्या गोळ्याच्या पोटातून तिला वेळेत बाहेर येता येत नाही. दीड तासात मी शंभराच्या पुढे गेले होते.

एक गोष्ट मात्र सुखाची. इतक्या कमी तापलेली माती अजून मातीच असते. मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं आणि तिथून पुढे परतीची वाट बंद होते, खापर पुन्हा चिखल होत नाही. माझे तुकडे त्याच्या कितीतरी अलीकडे थांबले होते. घरी आणून टबात टाकले, संध्याकाळपर्यंत चिखल.

काकी

भाद्रपदात गणपती झाल्यावर खानापूरला गेले. तात्या बाहेर गेले होते. काकी ओसरीवर शेगडीला लिंपत होत्या. मी वहीतले फोटो दाखवले, मग पिशवीतून बाईंचा तुकडा काढला. कमान बरोबर जमली की नाही एवढंच विचारायचं होतं.

काकींनी कमानीकडे बघितलंच नाही. तुकडा आडवा धरून त्याची फुटलेली कड उजेडात नेली.

"तूस हाय की ह्यात. दिसत न्हाई व्हय गे तुला?"

मग दिसलं. बाहेरून दोन्हीकडे तांबडा, मधोमध काळा पट्टा, आणि सगळीकडे तांदळाच्या दाण्याहून बारीक, लांबट पोकळ्या. भाताचं तूस मातीत मिसळलेलं होतं. भाजताना ते जळून गेलं आणि आपल्या आकाराची भोकं ठेवून गेलं. काळा गाभा त्याचाच : आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, आच लवकर वाढली, आतल्या तुसाच्या कोळशाला जळायला हवा पुरली नाही. मी हे सगळं पुस्तकातून शिकलेली. खिडकीतला तुकडा रोज दिसत होता, आणि मी त्याची फक्त गोलाई मोजली.

आतल्या बाजूनं काकींनी अंगठा फिरवला. "लाटलेलं न्हाई हे. वळ्या लावून, आतनं गुंडा धरून वरनं थापटलंय. चूल करतोय आम्ही, तसं." खरंच, आतून उथळ खळगे होते, दगडी गुंड्याचे, आणि बाहेरून थापीचा सपाटपणा. थापटण्यानं जोड नुसते चिकटत नाहीत, माती दाबली जाऊन भिंत एकजीव होते. लादीचे चार कोपरे म्हणजे चार जोड, वरपासून खालपर्यंत. वळीचा जोड आडवा फिरतो आणि थापीखाली नाहीसा होतो. त्या जुन्या कुंभारानं, किंवा त्याच्या घरातल्या बाईनं, चौकोन वळ्यांनी केला होता. तो तुकडा कुणा बाईच्याच हातचा असणार असं मला वाटतं. पुरावा नाही, चूल हाच काय तो पुरावा.

दुसऱ्या वृंदावनाचा फोटो बघून काकींनी विचारलं, "गालाला लावलं हुतंस?"

मला कळलं नाही. त्यांनी ओसरीवरचा एक कच्चा बैल उचलला आणि माझ्या गालाला लावला. गार. मग उतरंडीतला दुसरा, आधी वाळलेला. तो गार नव्हता, नुसता मातीचा. "गार लागलं की ओलं. रंगावर जाऊ नको. रंग वरचाच असतोय." बाष्पीभवन चालू असेल तोवर वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते, गाल तेवढा फरक ओळखतो, हाताच्या तळव्याला ते जमत नाही, विशेषतः आमच्या, घट्टे पडलेल्या. चार वर्षं मी या घरात मातीबद्दल विचारत होते, आणि मधल्या सगळ्या काळात हे ज्ञान ओसरीवर बसून शेगड्या लिंपत होतं.

तिसरं

तूस पाखडून, कुटून बारीक केलं. मातीच्या दहा मापांना एक माप तूस, शिवाय खापराचा चुरा थोडा कमी करून. टबातला दुसऱ्या वृंदावनाचा चिखलही यात गेला. पट्टी : वाळून ९.५, भाजून ९.३.

यावेळी तीन वेगळे भाग : चौथरा, खांब, कुंडी. प्रत्येकाच्या वरच्या अंगाला बोटभर उंच कड, पुढच्याच्या तळाला तेवढी खाच, एकात एक बसणारी. आकस सारखा यावा म्हणून तिन्ही एकाच वेळी मळलेल्या मातीचे, आणि खाचेत तीन मिलिमीटर मोकळीक.

वळ्यांनी केलं. रोज चारच वळ्या, त्याच दिवशी थापटायच्या. आतून मी नदीतला गोल गोटा धरला, बाहेरून लाकडी थापी. ताल सापडायला दोन दिवस गेले. बाहेरची थापी बरोबर आतल्या गोट्यावरच पडली पाहिजे, नाहीतर भिंत आत खचते. चौकोन राखायला कोपऱ्यांवर वळी तोडायची नाही, वाकवून कोपऱ्याच्या पुढे नेऊन जोडायची, म्हणजे जोड कोपऱ्यात येत नाही. लादीच्या वृंदावनाइतक्या कडा सरळ आल्या नाहीत. मला आधी ते खुपलं. नंतर बाईंचा तुकडा शेजारी ठेवला आणि खुपायचं थांबलं.

पाय पोकळ केले, आतल्या बाजूनं उघडे. कुंडीच्या तळाला तीन भोकं. कुंडभर पाणी साचलं तर तुळशीची मुळं कुजतात आणि मातीच्या भांड्याची छिद्रं कायम ओली राहतात.

वाळवणीची नोंद या वहीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी पान आहे. किराणा दुकानाचा जुना वजनकाटा आणला. लाटायच्या-वळायच्या मातीत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी असतं, म्हणजे वजन किती उतरायला हवं ते ढोबळ ठाऊक होतं. चौथरा पहिल्या दिवशी १८.४ किलो. सहाव्या दिवशी उलटा केला, तळाला हवा लागावी म्हणून. बाराव्या दिवशी १५.१. सोळाव्या दिवशी १४.९. अठराव्या दिवशी १४.८, एकोणिसाव्या दिवशीही तेवढंच. झालं असं वाटलं. विसाव्या दिवशी रात्रभर पाऊस, आणि सकाळी वजन ६० ग्रॅमनी वाढलेलं! कोरडी माती हवेतून पाणी परत घेते हे वाचलं होतं, काट्यावर पहिल्यांदा बघितलं. म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यात शेडमध्ये वस्तू पूर्ण वाळणं शक्यच नाही. शेवटचं पाणी भट्टीतच काढावं लागतं.

म्हणून चौथरा आणि खांब भट्टीत ठेवून, वरचं भोक उघडं ठेवून, ८५ अंशांवर चौदा तास तसंच ठेवलं. शंभराच्या खाली पाणी उकळत नाही, नुसतं निघून जातं. भोकावर आरसा धरायचा. त्यावर वाफ धरते तोवर पुढे जायचं नाही. सकाळी आठला आरसा कोरडा आला. तिथून तासाला ५० अंशांनी २५० पर्यंत, मग ८० नं ५५० पर्यंत. तूस जळायला लागलं तेव्हा शेडमध्ये भाताची भट्टी लागल्यासारखा वास. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. भोक उघडं ठेवणं तुसासाठीही गरजेचं होतं : धूर आत कोंडला तर गाभा काळा राहतो आणि विजेच्या तारांचं आयुष्यही कमी होतं.

५७३ अंशांचा टप्पा जपून ओलांडायचा असतो. मातीतल्या गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण त्या तापमानाला एकदम किंचित फुगतात, आणि थंड होताना तिथंच एकदम आकसतात. तासाला ३५ अंशांच्या चालीनं ६२० गाठलं. पायरोमीटर, म्हणजे भट्टीचा तापमापक, ६४० दाखवत होता तेव्हा वीज गेली.

एक तास चाळीस मिनिटं. मी भोक बंद केलं, भट्टीवर जुनी घोंगडी टाकायचा मोह आवरला (पेट घेतली असती), आणि आकडा उतरताना बघत बसले. ५७३ च्या खाली जाऊन ५५८ ला थांबला तेव्हा दिवे आले. म्हणजे वर नेताना जो उंबरठा एकदाच ओलांडायचा तो भट्टी बंद करण्याआधीच चढताना, उतरताना, पुन्हा चढताना असा तीनदा झाला. परत सावकाश वर नेलं, ८०० ला तासभर थांबून कोळसा जाळला, ९९० ला बंद. तीस तास उघडलं नाही.

चौथरा निर्दोष. खांबाच्या एका कोनाड्यात, कमानीच्या डाव्या पायथ्याशी, केसाएवढी भेग. बोटाच्या पेरानं ठोकलं : चौथऱ्याचा आवाज स्वच्छ, खांबाचा जरासा बद्द. कारण पुन्हा पुन्हा ओलांडलेले ५७३ अंश असं मी मानते. कोनाडा कापताना सुरी तिथं थोडी खोल गेली होती, हेही वहीत आहे. दोन्ही मिळून झालं असेल. कुंडी दुसऱ्या भाजणीत निघाली, वीज गेली नाही, भेग नाही.

बाईंना भेग दाखवली आणि खांब पुन्हा करते म्हणाले. त्यांनी तिथं अंगठा फिरवला. "सासूबाईंच्या वेळचंही असंच होतं. ह्याच कोनाड्यात," म्हणाल्या. खरं की माझी समजूत काढायला, ते विचारलं नाही. ओझं खांबाच्या कोपऱ्यांवर येतं, कोनाड्याच्या पायथ्याशी नाही, म्हणून मीही आग्रह सोडला. ओझं तिथं येत असतं तर दिलं नसतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ते वडगावला बसवलं. गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. बाईंनी सांगितलं म्हणून कळलं, की याच वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनांच्या काळातली वस्ती सापडली आहे. शाळेत होत्या तेव्हा बाई मुलांना तिथं घेऊन जायच्या. चौथऱ्याखाली विटा आणि वाळूची गादी घातली, थेट फरशीवर ठेवलं नाही, म्हणजे खालून ओल चढणार नाही. भागांच्या मध्ये सिमेंट भरायचं नाही असं गवंड्याला तीनदा सांगितलं. सिमेंट आणि भाजकी माती उन्हात सारखी वागत नाहीत, आणि पुढेमागे एक भाग बदलायचा तर तो सुटा निघाला पाहिजे.

महिन्याभरानं बाईंचा फोन आला. कुंडीच्या बाहेरून पांढरा थर दिसतोय, बुरशी का? बुरशी नव्हे, खार. कुंडीतल्या ओलीबरोबर मातीतले क्षार भिंतीतून बाहेर येतात आणि पाणी उडालं की पृष्ठभागावर राहतात. कोरड्या ब्रशनं झाडायचं, पाण्यानं धुतलं तर तेच क्षार पुन्हा आत जातात. त्यांनी झाडलं आणि वरून गेरूचा हात दिला. भेगेच्या कोनाड्यात पणती ठेवतात, तिच्या काजळीत ती भेग आता मलाही चटकन सापडत नाही.

मागणीपासून बसवण्यापर्यंत माझे साडेचार महिने गेले. त्यातले हात मातीत असलेले दिवस मोजले तर जेमतेम तीस भरतात, बाकी सगळे वाट बघण्याचे. पैसे मी पहिल्या अंदाजाचेच घेतले. दोन मोडलेल्यांचा भार बाईंवर टाकण्यात अर्थ नव्हता. आता मोठ्या कामाची बोली करताना वाळवणीचे दिवस वेगळे लिहून देते, आणि आषाढ-श्रावणात लादीचं मोठं काम घेत नाही. तात्या ऐकून म्हणाले, "चाकावर ये, दिवसाला चाळीस निघतील." काकी काही बोलल्या नाहीत.

पहिल्या वृंदावनाचा चिखल, काळ्या मातीचा, एका डब्यात तसाच पडून होता. टाकवत नव्हता आणि मला चालणारही नव्हता. मागच्या खेपेला काकींनी तो बोटांवर चोळून बघितला आणि पोत्यात भरून घेतला. अमावास्येच्या बैलांना चालेल म्हणाल्या. बैल वीतभराचा, त्याला आकसायला जागा असते.